गुंडूतात्याच्या गांजाचं वजन

मुरगूडकडच्या गुंडूतात्याचं उभं आयुष्य वजनकाट्याशी भांडण्यात गेलं. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढली, की तात्या आकड्यापुढं उभा. "काटा मारतायसा. माझा माल जास्त भरतोय की." असं म्हटल्याबिगर त्यानं कधी पावती घेतली न्हाई.

अशा माणसानं कुण्या पावण्याच्या नादानं उसाच्या मधल्या सरीत गांजा लावला. पीक असं जोमात आलं म्हणता, तात्या रोज बघून खूश. मग पोलीस आले. झाडं उपटली, मुळ्या झाडल्या आणि बांधावरच पंचांपुढं वजन केलं. एकोणीस किलो.

हवालदार पंचनाम्यात आकडा लिहिणार, तोच तात्या खवळला. "एकोणीस? ती मुळी कशापाय झाडलासा? मातीसकट घाला की."

घातली. बावीस भरलं. तात्यानं मिशीवरनं हात फिरवला.

आता कायदा असा, की गांजा वीस किलोच्या वर गेला की तो व्यापाराचा माल, आणि शिक्षा कमीत कमी दहा वर्षं. तेवढी बरोबर बसली.

अपील कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचपुढं लागलं. वकील अनुजाताई तात्याच्या बायकोला, चिमणाबाईला, घेऊन कळंब्याच्या जेलात गेल्या. "तात्या, गुन्ह्याबद्दल भांडायचं नाही. शिक्षा तेवढी कमी मागू. माती वजा केली की वीसच्या खाली येतोय."

"माझ्या मालाला तूट लावून घ्यायचो न्हाय," तात्या म्हणाला. "बसतो दहा वर्सं."

अनुजाताईंनी कपाळाला हात लावला. चिमणाबाई जाळीला तोंड लावून म्हणाली, "कारखान्याला मातीचा ऊस कोण घालतंय वो?"

"लबाड घालत्यात."

"मग तुमी काय केलासा?"

तात्याचा चेहरा पार उतरला.

सुनावणीला तात्या जेलातनं पडद्यावर दिसला. काही सांगायचंय का, असं न्यायमूर्तींनी विचारलं. तात्यानं कान धरले. "सायेब, गांजाचं तुमी बघा. पर काट्यावर माती घातली, ती लबाडी माझी."

न्यायमूर्तींनी पंचनाम्यातला वजनाचा आकडा पुन्हा बघितला. मग म्हणाले, माती म्हणजे गांजा नव्हे. शिक्षा चार वर्षांवर आली.

चिमणाबाईनं डोळ्याला पदर लावला, तवर पडद्यावरनं आवाज आला. "सायेब, माती तीन किलू, आनि सूट सा वर्सांची? ह्यो हिशेब बसत न्हाय."

चिमणाबाईनं अनुजाताईंचा काळा कोट धरून ओढला. "चला बाई भाईर, सायबांनी ऐकायच्या आत."