क्लॉक, तुझं काम

आता मला जुनी यंत्रं नको वाटतात. मान धरते, चष्म्यावर भिंग लावलं तरी आयसीच्या चिपांवरचे आकडे वाचता येत नाहीत, आणि गिऱ्हाईक वर विचारतं, 'नवा बोर्ड टाकायचा सोडून हे काय खरवडत बसलाय?' त्याला उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. तरीही साताऱ्याहून सरांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा नाही म्हणता आलं नाही.

सर म्हणजे या धंद्यातले माझे गुरू. सांगलीत स्टँडजवळ त्यांचं दुकान होतं, पंचविशीत मी तिथे सोल्डर मारायला शिकलो. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलानं त्यांना साताऱ्यात, गोडोलीत आपल्या घरी नेलं. सोबत गेलं ते त्यांचं कामाचं टेबल आणि एक जुना कॉम्प्युटर. आम्ही सगळे त्याच कॉम्प्युटरवर शिकलो. सरांचा उजवा हात गेला, बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. त्यातला एक शब्द 'क्लॉक'.

"दिवसभर त्या बंद मशीनकडे बोट दाखवून क्लॉक, क्लॉक करतात," मुलगा फोनवर म्हणाला. "भिंतीवरचं घड्याळ काढून दाखवलं, तर चिडले. परवा डाव्या हातानं सोल्डरिंग लावलं आणि चादर जाळली. काका, तुम्ही एकदा बघा आणि सांगून टाका, की ते संपलं. तुमचं ऐकतील. मग टेबलही देऊन टाकतो."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तोही दमला होता. पण त्याच्या हिशेबी बापाचं डोकं कामातून गेलं होतं, आणि मशीन संपलं असं मी म्हटलं की त्यावर शिक्काच बसणार होता.

मी गेलो. सरांनी मशीनकडे बोट केलं. "क्लॉक." मग तेच बोट माझ्या छातीला लावलं. "तुझं काम." एवढ्या शिष्यांतून त्यांनी माझ्यावर सोपवलं, याचं मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

परतीच्या एसटीत मशीन मांडीवर होतं. शेजारी आष्ट्याचे एक आजोबा.

"काय हाय वो ह्यात?"

"जुना कॉम्प्युटर. त्याचं घड्याळ बिघडलंय."

"मग येळ चुकंल. समदंच कशापायी बंद पडंल?"

मी त्यांना सरांचंच उत्तर दिलं. हे घड्याळ वेळ सांगत नाही, ताल देतं. हलगी थांबली की लेझीम थांबते, तसं आहे. बोर्डावर क्रिस्टल नावाची एक चकचकीत डबी असते, ती ताल धरते आणि बाकी सगळे त्यावर पाय टाकतात.

"व्हय, आसं म्हना की," आजोबा म्हणाले. "आवं, पर हलगीवालाच म्हातारा झाला आसंल तर?" आणि स्वतःच हसले.

सांगलीत माझ्या दुकानात दिव्याखाली बोर्ड उघडला, चिपा काढून पुन्हा बसवल्या, बटण दाबलं आणि मशीन चालू. क्लॉक तपासलं, ताल अगदी ठणठणीत. सर बिचारे काहीतरी बोलत होते म्हणायचं, असं मनात आलं. चार दिवसांनी मोठ्या ऐटीत साताऱ्याला घेऊन गेलो. बाहेर संततधार. सरांसमोर बटण दाबलं. ढिम्म.

"क्लॉक," सर म्हणाले. "तुझं काम!"

"सर, क्लॉक चालतंय. मी स्वतः बघितलंय."

त्यांनी डावा हात पलंगावर आपटला. मी दमून गेलो होतो. पुन्हा हे ओझं घेऊन कराड ओलांडायचं या विचारानंच अंग दुखायला लागलं. जिन्यात मुलानं विचारलं, "काय काका?" मी म्हणालो, "संपलंय ते." विचार करायचंही त्राण नव्हतं, म्हणून म्हणालो. "मग तुमच्याकडेच ठेवा," तो म्हणाला. "त्यांच्या डोळ्यांसमोर नको."

दुकानात ते दाराशी पडून राहिलं. आठवडाभरानं सांगलीतही पावसानं मुक्काम ठोकला, भिंतींना ओल आली. एका सकाळी सहज बटण दाबलं, तर तिथेही ढिम्म. मी खुर्ची ओढली. क्रिस्टलवर तपासलं, ताल नाही. केस वाळवायचं यंत्र घरून आणून ऊब दिली, ताल सुरू. गार होऊन दमट हवा लागली, की गप्प. म्हणजे सर म्हणत होते तेच होतं. इतके दिवस मी दिव्याच्या उबेत बसून त्यांना वेड्यात काढत होतो.

क्रिस्टल उपसलं. खाली, दोन पायांच्या मधोमध, तांबूस पापुद्रा. नखानं खरवडला, बोटावर चोळला. कुंकू.

सरांच्या दुकानात खंडेनवमीला पकडी, टेस्टर, सोल्डरिंग सगळं मांडून पूजा व्हायची. मी मशीनच्या पत्र्याला हळदकुंकू लावायला गेलो, तर सरांनी झाकण उघडलं होतं. "राबतो तो आत आहे, पत्र्याला काय लावतोस?" आत मला ती चकचकीत डबी देवघरातल्या चांदीच्या टाकासारखी दिसली. ओल्या बोटानं तिलाच कुंकू लावलं. पुढे दरवर्षी लावत राहिलो. सर हसायचे, म्हणायचे, "हे पाणी खाली उतरलं ना, मग बघ." वरचं कुंकू कधीच उडून गेलं होतं. खाली उतरलेलं तिथेच बसून ओल ओढत होतं आणि ताल अडवत होतं.

तुझं काम. सरांनी माझ्यावर काहीही सोपवलं नव्हतं. हे तू करून ठेवलंस, एवढंच ते सांगत होते. तीन शब्दांत दोष सांगितला, जागा सांगितली, करणाराही दाखवला. आणि मी डोळे पुसत बसलो!

स्पिरिटनं जागा धुतली, क्रिस्टल परत बसवलं. दुसऱ्याच दिवशी फोनही न करता साताऱ्याला गेलो. पाऊस होताच. जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवून बटण दाबलं. ते एकदा किरटं ओरडलं आणि पडदा उजळला. सरांनी मान डोलावली.

मी मुलाला सगळं सांगितलं. कुंकू, ओल, त्या तीन शब्दांचा अर्थ. तो बापाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, टेबल रविवारीच भंगारात गेलं. तुम्ही म्हणालात म्हणून."

तेव्हा माझं खिडकीकडे लक्ष गेलं. टेबलाचा कोपरा मोकळा होता, फरशीवर चार पायांचे डाग तेवढे राहिले होते. सरांनी डावं बोट उचलून त्या कोपऱ्याकडे केलं आणि माझ्याकडे बघितलं. शब्द जुळवायला त्यांचे ओठ हलू लागले.

"तेही माझंच काम, सर," मी म्हणालो.