गुरुवारची कॅप्सूल

गुरुवारची सकाळ, बेसा भागातलं आमचं स्वयंपाकघर. आई कोऱ्या चहासोबत व्हिटॅमिन डीची कॅप्सूल गिळत होती... आणि माझी ट्यूब पेटली!

आधी थोडं मागचं सांगते. आई आमच्या कॉलनीच्या भजनी मंडळाची ढोलकीवाली. पण हाडं इतकी दुखायला लागली, की खाली बसली तर दोघींनी धरून उठवावं लागायचं. "लोकायले कायले तरास" म्हणत तिने भजनाला जाणंच सोडलं, आणि ढोलकी कपाटावर गेली.

धंतोलीच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक कॅप्सूल दिली होती, जेवल्यावर घ्यायची. कोर्स संपत आला तरी रिपोर्ट जिथल्या तिथे. आता इंजेक्शनं, आणखी तपासण्या... आई मनातून खचत चालली होती आणि ते मला बघवत नव्हतं.

त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून हे दृश्य दिसलं. गुरुवारीच का घेतेस, विचारलं तर म्हणाली, "उपासाचा दिवस न, विसरत नाही मी." तिचा उपास म्हणजे केळं आणि कोरा चहा. तूप-तेलाचा थेंबही नाही!

आता, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि मायसेल हा माझा हुकमी धडा आहे. आईला खुर्चीत बसवलं, वाटीत पाणी घेतलं, वर तेलाचा थेंब सोडला. तो तरंगतच राहिला. मग भांडी घासायचं लिक्विड टाकून ढवळलं... पाणी दुधाळ, तेल गायब.

साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे धावतं, शेपटी तेलाकडे. पुरेसे रेणू जमले की शेपट्या आत, डोकी बाहेर असा गोल करून बसतात आणि तेलाला आत घेतात. हाच मायसेल.

पोटात हे काम यकृतात तयार होणारं पित्त करतं. जेवणात स्निग्ध काही आलं की ते भरपूर सुटतं, मायसेल बांधतं, आणि तेलात विरघळणारं व्हिटॅमिन डी त्यात बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. आईची कॅप्सूल दर गुरुवारी स्टँडवर उभी होती, गाडीच येत नव्हती.

आई वाटीत डोकावत म्हणाली, "म्हंजे पोटात साबण हाय म्हणतं का तू?"

असंच समज, म्हटलं.

"मंग उपास सोडू का मी आता?"

उपास कशाला सोडतेस, दिवस बदल! डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी हाच कोर्स असा पुन्हा करून बघू, इंजेक्शनं थांबवू. तेव्हापासून कॅप्सूल शुक्रवारी... गरम वरणभात, वर चांगलं सढळ तूप. कधी वडाभात झाला तर त्यावर फोडणीचं तेल, तेही आई माझ्याकडे बघत, मुद्दाम जास्त घेते.

काही महिन्यांनी नवा रिपोर्ट छान आला, दुखणंही कमी झालं आणि ढोलकी कपाटावरून खाली उतरली. मला तर खात्रीच होती, पण कागद हातात आल्यावर डोळे भरले हे खरं.

परवा भजन संपल्यावर तिला आणायला गेले. सवयीने हात पुढे केला. आईने जमिनीवर तळवा टेकला, दम घेतला आणि एकटीच उठली.

"मले काहून धरून राहिली वं? ढोलकी धर."

धरली. घरापर्यंत ती पुढे आणि ढोलकी सांभाळत मी मागे... देवाचे आणि पित्ताचे, दोघांचेही आभार.