पालथी करवंटी

तुळसाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण वरच्या आळीतल्या बत्तीस घरांचे वार तिला पाठ होते. मासे विकणाऱ्या बाईचं बाकी काही चुकलं तर एकवेळ चालतं, वार चुकून चालत नाही. कीरांकडे सोमवार आणि संकष्टी. सुर्व्यांकडे शनिवार. कोपऱ्यावरच्या शिवलकरांकडे आधी नुसता गुरुवार होता, मग देवरुखची सून आली आणि तिच्याबरोबर एकादशीही आली. कुठल्या घरात सुतक आहे, कुठे बाळंतीण आहे आणि तिला कुठला मासा द्यायचा, कोणाच्या म्हाताऱ्याला काटा सोसत नाही, हे सगळं डोक्यात आणि त्यावर पाटी घेऊन ती रोज ती चढण चढायची. अडतीस वर्षं. एवढ्या वर्षांत ज्या घरी वशाट चालत नाही तिथे त्या दिवशी तिची पाटी एकदाही उतरली नव्हती.

म्हणून दीपाली कीरचा फोन आला तेव्हा रुपालीला आधी नीट कळलंच नाही. रुपाली तुळसाची सून. एका शाळेच्या कार्यालयात होती, फोन आला तेव्हा समोर दाखल्यांसाठी रांग लागलेली.

"रागावू नका हं," दीपाली म्हणाली, "पण मावशींना बरं नाही का? आज अंगारकी. आमच्याकडे उकड काढणं चाललेलं, आणि मावशी सरळ पडवीत पाटी उतरवून बसल्या. मी म्हटलं, मावशी, आज? तर म्हणतात, आज काय, मंगळवारच तर हाय."

"दोन दिवस ताप होता त्यांना," रुपालीने ठोकून दिलं.

ताप नव्हता. पण त्या दिवसापासून तिला एकेक दिसायला लागलं, आणि आधीही दिसत होतं पण आपण पाहिलं नाही हेही कळलं. "दीपेशचा फोन आला?" हे रुपालीच्या मुंबईतल्या नवऱ्याबद्दल संध्याकाळभरात चारदा. कालवणात मीठ दोनदा, नाहीतर मुळीच नाही. पूर्वी तुळसा आळीतल्या प्रत्येकीला नावाने हाक मारायची, आता सगळ्या नुसत्या 'बाय' झाल्या होत्या. लपवण्यातही हुशारी लागते, आणि ती तिच्याकडे भरपूर होती.

रुपालीने मोबाइलवर वाचून वाचून भिजवलेले बदाम सुरू केले, डोक्याला ब्राह्मीचं तेल आणलं. सलोनी, तिची नववीतली मुलगी, आजीला चित्रांच्या जोड्या लावायचा खेळ शिकवायला बसली.

"ह्या पोरीनं मला कावळा शोधायला बसवलंन," तुळसा म्हणाली. "दारात चार बसलेत, ते कोण हाकलणार?"

सलोनी हसली. रुपालीला हसू आलं नाही. सकाळीच सलोनी डबा विसरून शाळेत गेली होती. आजीचं नातीत उतरतं का, हे तिने दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शोधलं आणि उत्तर पुरतं न वाचताच बंद केलं.

दिवाळीनंतर सुर्व्यांचे हरिश्चंद्र अण्णा गेले. तुळसा तिसऱ्या दिवशी भेटायला गेली. अण्णांच्या बायकोच्या, येसूबाईच्या गळ्यात पडून रडली, तिने आणलेला चहा न घेता आली. त्यानंतर आठवड्याभराने घरी तिघी जेवायला बसल्या होत्या. तुळसा भात कालवत म्हणाली, "आज सौंदाळे काय ताजे होते. अण्णांसाठी चार बाजूला काढून ठेवलेले. पण अण्णा झोपलेले. येसू म्हणाली, उद्या ये."

रुपालीचा हात थांबला. सलोनीने आईकडे पाहिलं.

"आई," रुपाली म्हणाली, आणि बोलायचं नव्हतं ते बोलून गेली. "अण्णा वारले. तुम्ही जाऊन आलात की. रडून आलात."

तुळसा तिच्याकडे बघत राहिली. मग भाताकडे. बोटांना लागलेली शितं तिने एकेक करून ताटात काढली.

"मग मी काय विचारून आले गो?"

तुळसाने पाण्याचा पेला उचलून परत ठेवला.

"दाराशी उभी राहून म्हटलं मी, अण्णांना हाक मार, डोळे बघू देत त्यांना माशाचे. असं म्हटलं मी." तिने ताट सरकवलं. "कोणास सांगू नको. आळीत कळलं तर मी पाटी उचलणार नाय."

आळीत काही कळायच्या आधीच तिने पाटी उचलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी ती मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे घ्यायला गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ओट्यावर बसून राहायची. आठ दिवसांत ती अशी उतरली की जणू आठ महिने झाले. दुपारी झोपायची, पहाटेपर्यंत जागी राहून भांडी हलवायची, आणि रुपाली उठून तिच्याबरोबर बसायची. पुन्हा साडेपाचला डबे. शाळेत रुपालीने एकाच मुलाचा दाखला दोनदा लिहिला.

मुंबईहून दीपेशचा फोन आला. तो गोदीत टगबोटीवर होता, त्यामुळे त्याच्या मागे सतत इंजिन चालू असायचं.

"बरं झालं बसली ती. आता बसूच दे. किती वर्षं करायचं? लोक हसतील उगाच."

"बसून आणखी विसरायला लागल्यात."

"मग डॉक्टरला दाखव."

"दाखवतेच आहे. मीच दाखवणार ना."



डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांना घाई नव्हती. त्यांनी विचारलं, "आजी, आज तारीख काय?"

"तारीख भिंतीवर असते. आज नवमी. भांगाची भरती हाय, खाडीत पाणी हलत नाय."

डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर बघितलं. नवमीच होती. मग त्यांनी तीन शब्द सांगून ठेवले आणि पाच मिनिटांनी परत विचारले.

"आंबा," तुळसा म्हणाली. "खुर्ची." बराच वेळ गेला. "तिसरा तुमचा तुमी ठेवा."

रक्त तपासलं. बी-बारा फार कमी निघालं. जन्मभर मासे खाल्लेल्या बाईला ते कमी कसं, असं रुपालीने विचारलं तेव्हा तुळसा वर्षानुवर्षं रोज सकाळी घेत असलेल्या पित्ताच्या गोळीपर्यंत गोष्ट गेली. त्या गोळ्या फार वर्षं घेतल्या की ते अंगी लागेनासं होतं म्हणे. डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं. जे नीट ऐकूच येत नाही ते लक्षात कसं राहणार, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इंजेक्शनं लिहून दिली, कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

"यातलं काही भरून येईल," त्या म्हणाल्या. "काही कदाचित येणार नाही. सहा महिन्यांनी बघू. पण त्यांचं फिरणं का बंद केलंत? तोच रस्ता, तीच माणसं, तीच वेळ, याच्यासारखं औषध नाही. रात्री झोप हवी. परीक्षा घेऊ नका, आठवतंय का म्हणून विचारू नका. आणि तुम्ही किती झोपता?"

रुपालीला ते आठवत नव्हतं.

फिरणं चालू करायचं तर वार कोणी सांभाळायचे? मागोमाग जायचं तर रुपालीला नोकरी होती. आळीत सांगायचं तर सासूने तोंड बांधून ठेवलेलं. दोन दिवस ती हेच घोळवत राहिली. रविवारी सुर्व्यांची पायरी चढली तेव्हा, निदान माफी तरी मागून येऊ, एवढंच मनात होतं.

येसूबाई ओटीवर नारळ सोलत होती. रुपालीचं सगळं ऐकून घेतलं तिने.

"काकी, तुम्ही आईंना अण्णा झोपलेत म्हणून का सांगितलंत?"

"मग काय सांगू? तिच्या हातात सौंदाळे होते." येसूबाईने शेंडी ओढून काढली. "दहा दिवस जो आला तो त्यांना मेलेलेच धरून आला गो. तीच एकटी त्यांच्यासाठी काही घेऊन आली."

नारळ फोडून तिने खोबरं काढलं आणि रिकामी करवंटी हातात धरून जरा विचार करत बसली. मग फाटकाजवळच्या गडग्यावर, तांबड्या चिऱ्यांच्या त्या बुटक्या भिंतीवर, पालथी ठेवली.

"आज चालत नाय, असं. चालेल तेव्हा उताणी. वाचायला लागत नाय की आठवायला लागत नाय."

"पण सगळ्यांना सांगावं लागेल. त्यांनी नको म्हटलंय."

"तू नको सांगू. मी सांगते. दुखवट्यातल्या बाईला कोण विचारतंय, का म्हणून?"

पाच-सहा दिवसांत आळीतल्या गडग्यांवर करवंट्या आल्या. सगळ्या नाही. शिवलकरांची सून विसरायची, एकीने करवंटीत चिमण्यांना पाणी ठेवलं, काही घरांनी मासे आता बाजारातूनच आणतो म्हणून सांगितलं. बत्तीस घरांची एकवीस झाली, थंडी संपेपर्यंत सतरा. पण तुळसा उठली. पहिल्या दिवशी रुपालीने अर्धी रजा टाकून लांबून पाहिलं. कीरांच्या फाटकाशी सासू थांबली, पालथी करवंटी पाहिली, पदर सारखा केला आणि पुढे गेली. चालण्यात काही कमी दिसत नव्हतं.

संध्याकाळी पाय शेकता शेकता तुळसा म्हणाली, "करवंट्या तू ठेवायला लावल्यास?"

रुपालीने आणखी गरम पाणी ओतलं.

"मी विसरते. आंधळी नाय." दुसरा पाय पुढे करत म्हणाली, "कीरांची मोठी हाय. लांबून दिसते."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. इंजेक्शनांनी असेल, झोपेने असेल, आळीतल्या दोघीतिघींची नावं परत आली. दीपेशच्या फोनचं विचारणं मात्र चारदाच राहिलं.

फेब्रुवारीत एकदा रुपाली शाळेतून येताना बांगडे घेऊन आली. तुळसा हल्ली घरी मासे ठेवायचं विसरायची. दिवस फार लांबला होता, डोकं ठणकत होतं. दारात पाऊल टाकणार तोच पायाला काहीतरी लागलं. उंबऱ्याबाहेर करवंटी पालथी ठेवलेली होती.

"आई, ही इथे कोणी ठेवली?"

"मी." तुळसा आतून म्हणाली. "तुजा गुरवार ना. पोरीच्या दुखण्यापासून धरलास तो. तू दमून येतेस, विसरशील."

रुपाली पिशवी धरून उभी राहिली. क्षणभर तिला स्वतःलाच वार सांगता येईना. मोबाइल काढून पाहिलं. बुधवार.

"आजी, आज बु—" सलोनीने पुस्तकातून मान वर केली, आणि आईचा चेहरा बघून पुन्हा खाली घातली.

"बरं केलंत," रुपाली म्हणाली. "विसरलेच होते."

तिने बांगडे फ्रीजमध्ये ठेवले, पिठल्याला कांदा घेतला. सलोनी ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, "म्हणजे उद्या पण पिठलं?"

"उद्या पण," रुपाली म्हणाली. "जा, ती करवंटी जरा बाजूला ठेव. कोणाच्या पायाखाली यायची."