एप्रिलातले स्वेटर

आमच्या बाप्टिस्ट चर्चचं महिला मंडळ वसतिगृहातल्या गरीब मुलांसाठी वर्षभर स्वेटर विणतं. वाटप ईस्टरनंतर, ऐन उन्हात. लोकर पाठवणाऱ्यांना फोटो जातो, म्हणून स्वेटर तिथंच घालायचे.

आज रांगेतल्या एका मुलीचा घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता.

"बाई, काढू का?" तिनं हळूच विचारलं.

"थांब गं, फोटो होऊ दे," म्हणत मी तिचं गळ्याजवळचं बटणही लावून टाकलं.

आणि तीच लोकर माझ्या मानेला टोचली. कधीकाळी याच रांगेत मी उभी होते. असंच कुणीतरी मायेनं बटण लावलं होतं. माया खरीच होती, म्हणून तर ते काढता आलं नाही.

"हसा," फोटोवाला म्हणाला. आम्ही दोघीही हसलो.