पोर्चमधला नवा दगड

पोर्चच्या कोब्याला दगडासारखा रंग देणारा कारागीर उकिडवा बसून काम करत होता. आधी त्याने सगळा कोबा ॲसिडने धुतला. पायरीजवळ आमच्या हिने वर्षानुवर्षं घातलेल्या रांगोळीचा फिकट डाग होता, तोही गेला. मी नुसता बघत होतो. ही गेल्यापासून मला कशाचं काही वाटतच नाही.

मग तो स्पंजने मध्येमध्ये गडद डाग उमटवू लागला. म्हणाला, “काका, कोरा दगड खोटा दिसतो. माणसं वावरल्यासारखा वाटला पाहिजे.”

“बरं,” मी म्हणालो.

दगड अगदी खरा वाटत होता. रंग वाळल्यावर मी घरात निघालो, तर पाऊल आपसूक पायरीजवळच्या त्या जागेला वळसा घालून गेलं.