सगळ्यांनी मिळून लिहिलेली येळवस

आमच्या तामलवाडीकडं येळवशीच्या दिवशी कुणी घरी जेवत न्हाय. पौषाच्या तोंडावर, ज्वारी पोटऱ्यात आली की ती अमावस्या येती. गावाला कुलूप आणि रानाला माणसं. रानात कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पावटे अन् पालेभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे, ताकातली आंबील यांचा निवद दाखवायचा, आणि मग जो दिसंल त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. एकट्या माणसाची येळवस होत न्हाय, हे आधीच सांगते, म्हंजे पुढचं तुम्हाला समजंल.

मालक गेल्यापासून मी एकटीच. मुलगा पुण्याला. रान बटईनं दिलंय, पण बटईवाल्याचं स्वतःचं रान नळदुर्गाकडं, येळवशीला तो तिकडं जातो. मागच्या खेपेला मी शेजारणीच्या रानात जाऊन जेवले. तिनं पोटभर वाढलं, काही कमी केलं न्हाय. पण मी तिथं पाहुणी होते. माझ्या रानातले पांडव तसेच उपाशी. तेव्हाच ठरवलं, पुढल्या साली आपल्याच रानात करायची, आणि चार माणसं जेवायला घालायची.

यंदा थंडीच्या सुरुवातीला साळंतल्या बाई घरी आल्या. पोरगीच हाय, माझ्या नातीएवढी.

"आजी, पोरांना येळवशीवर लिहायचंय. तुम्ही वर्गात येऊन सांगाल का?"

"अहो बाई, मी साळंची पायरी चढले न्हाय. एसटीच्या पाट्या आणि किराण्याच्या पुड्या वाचून अक्षरं शिकले."

"पण आंबील कशी करतात ते मला येत नाही, तुम्हाला येतं."

मग गेले. पोरांच्या हातात टॅब. चौघाचौघांत एक. आणि गंमत अशी, की सगळे एकाच पानावर लिहीत होते, अन् ते पान भिंतीवर मोठं दिसत होतं. ज्यानं त्यानं लिहिलेलं त्याच क्षणी सगळ्यांना दिसायचं. प्रत्येकाची एक रंगीत काडी, तिच्यावर नाव. मी म्हणलं, हे तर एका ताटात सगळ्यांनी जेवल्यासारखं झालं.

ताटातली भांडणं पण तशीच.

"ए, माझी चिंच कुणी खोडली?"

"आमच्यात भज्जीत चिंच घालत न्हाईत."

"मग तुमची भज्जी तुमच्या रानात खा! आजी, सांगा की ह्याला!"

"घाला रे चिंच," मी म्हणलं, "आंबट न्हाय ती कसली भज्जी?" तर निम्मा वर्ग खूश, निम्मा रुसला.

एका पोरीनं ते पान माझ्या फोनवर बी लावून दिलं. फोन मुलानं वापरून दिलेला, त्यामुळं माझ्या काडीवर त्याचंच नाव येऊ लागलं. पोरं हसली. मला वाटलं, पानावर का होईना, पोरगं गावात आलं.

त्यानंतर संध्याकाळी दिवा लावला की मी पान उघडायची. पोरं घरून लिहीत असायची. लाल, निळ्या काड्या इकडंतिकडं पळायच्या, कुणी ओळ घालायचं, कुणी पुसायचं. मी बहुतेक वेळा काहीच लिहायची न्हाय. नुसती बघत बसायची. घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. काड्या एकेक करून गेल्या की घर लई मोठं व्हायचं.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी मी पानावर लिहिलं: यंदा येळवस आमच्या रानात हाय. ओढ्याच्या वरचं रान, बांधावर बाभळ हाय. ज्याला जमंल त्यानं घरच्यांना घेऊन जेवायला या.

दारोदार जाऊन बी सांगता आलं असतं. पण तिथं न्हाय म्हणलेलं तोंडावर ऐकावं लागतं. पानावर लिहिलेलं सगळ्या घरांत पोचतंय, असं मला वाटलं. एक निळी काडी माझ्या ओळीपाशी येऊन थांबली, मग एक लाल. वाचलं म्हणायचं. मी फोन ठेवला आणि पावटे भिजत घातले.

येळवशीला सकाळीच रानात गेले. कोप केली, पांडव मांडले. सतरंजी अंथरली. भज्जीचं पातेलं दोघांनी उचलावं एवढं होतं, टमटमवाल्यानं उतरवून दिलं. आजूबाजूच्या रानांतून हसण्याचा आवाज यायला लागला.

"ओ काकू, या की इकडं!" शेजारीण बांधावरून ओरडली.

"न्हाय गं, माझ्याकडं माणसं यायची हायती."

ऊन कोपीच्या दुसऱ्या अंगाला गेलं. ज्याच्या त्याच्या घरची येळवस ज्याच्या त्याच्या रानात, हे मला ठाऊक नव्हतं का? व्हतं की. तरी रस्त्याकडं बघत होते. शेवटी रानाभोवती आंबील शिंपायला उठले. एकानं पुढं शिंपत जायचं आणि मागच्यांनी ओरडायचं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" शिंपलं मीच आणि ओरडले बी मीच, पण हळू. शेजारच्या रानात ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावणं पाठवलं. लिखाण पुरं झालं होतं, वाचायचं होतं. भिंतीवर माझी ओळ शोधली. तिथं लिहिलं होतं: येळवशीला लोक एकमेकांना आपल्या रानात जेवायला बोलावतात. काही रानांच्या बांधावर बाभळी असतात.

"आजी, तुमचं मी त्याच संध्याकाळी नीट केलं!" पुढच्या बाकावरची एक पोरगी उड्या मारत म्हणाली. "त्यात नुसतं आमचं रान, आमचं रान होतं. बाई म्हणाल्या होत्या, सगळ्या गावाचं लिहा."

"झकास केलंस," मी म्हणलं.

बाईंनी विचारलं, "आजी, बरोबर आहे ना सगळं? काही बदलायचंय?"

मी परत एकदा वाचलं. चूक काहीच नव्हतं त्यात.

"बरोबर हाय," म्हणलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले, चूल पेटवली आणि भज्जी गरम करायला ठेवली. एका माणसानं खाऊन खाऊन किती खायची.