माशांच्या पोटातली जीवदया

माझ्या बायकोच्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा जंत निघाला त्या उन्हाळ्यात मी आमच्या शहाद्याच्या गल्लीतल्या पायऱ्यांच्या विहिरीत मासे सोडले. नारूचं बीज पाण्यातल्या बारीक पिसवांत असतं, त्या पिण्याच्या पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात आणि मासे त्या पिसवा खातात, एवढं विज्ञान मी शाळेत शिकवतच होतो. भोयांनी तापीतून बोटभर मासे घड्यात घालून आणून दिले. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत कुणाच्या पायाला नारू दिसला नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग शेजारच्या किराणा दुकानाच्या म्हाताऱ्या जैन शेठाणींना विहिरीत मासे असल्याचा पत्ता लागला. झालं! रोज देवळातून येताना तूप घातलेल्या कणकेच्या गोळ्यांची थाळी पाण्यात रिकामी. पुण्य आयतं दाराशी आलेलं, त्या कशाला सोडतील? मासे पिसवांकडे ढुंकून बघेनात. त्यांची पोटं टम्म फुगली, एकेक उताणा तरंगू लागला.

मी विनवलं, समजावलं, चिडलो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी शाळेचं सूक्ष्मदर्शक उचलून घरी आणलं आणि एका धडधाकट माशाच्या आतड्यातला थेंब काचेवर घेतला. मासा कापला म्हणून शेठाणींनी आधी कानांवर हात ठेवले, पण भिंगाला डोळा लावलाच.

"माय, माशाचं अन्न पचवायला हे जंतू मदत करतात. कणकेनं त्यांचं बिघडतं आणि मासा मरतो."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मान वर केली तेव्हा डोळे भरले होते.

"मास्तर, एवढासा पोटमा इतला जीव शेतस?"

"शेतस, माय! आहेत तर!" मी हरखून गेलो.

"मंग एक थाळीमा तेस्नं कसं भागी?"

दुसऱ्या दिवसापासून दोन थाळ्या. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. मी दाखवलेल्या पुराव्यानंच माझे मासे मारायला घेतले होते, आणि गल्ली म्हणत होती, शेठाणीचं मन केवढं मोठं!

दिवाळीच्या सुमारास शेवटचा मासा वर आला. शेठाणी पायरीवर बसून त्याला पदरात घेऊन रडत होत्या, अगदी खरं रडत होत्या. त्याचाच मला जास्त राग आला. माणूस वाईट असता तर निदान भांडता आलं असतं.

"मास्तर, भिंगमा देखा ना. पोटमाधला त्या जित्ता शेतस का?"

मी घरून सूक्ष्मदर्शक पायरीवर आणलं आणि थेंब काढून पाहिलं. मेलेल्या माशाच्या पोटात कधी नव्हे एवढी वळवळ होती. आता ते जंतू माशालाच खात होते.

"शेतस," मी म्हणालो.

त्यांचा जीव भांड्यात पडला. कनवटीची एक गोळी काढून त्यांनी ती हलक्या हातानं माशाच्या तोंडात सारली. त्यांच्या शेजारून माझी बायको घागर घेऊन पायऱ्या उतरली, आणि नारूचा वण असलेला पाय गुडघाभर पाण्यात घालून तिनं प्यायचं पाणी भरलं.